टेस्टला काय दिसू नये

टेस्ट चालवण्याआधी टर्मिनलमध्ये प्रिंटएन्व्ह मारून बघायची मला सवय आहे. पाथ, होम अशा नेहमीच्या मंडळींच्या गर्दीत कधी कधी सकाळी भलत्याच कामासाठी एक्सपोर्ट केलेला डेटाबेसचा पत्ता ठाण मांडून बसलेला असतो. १९७९च्या सातव्या युनिक्सपासून ही रीत चालत आली आहे: शेलमध्ये जे असेल त्याची नक्कल घेऊनच नवी प्रोसेस जन्माला येते. टेस्टही त्याला अपवाद नाहीत.

टेस्टसाठी ‘.एन्व्ह.टेस्ट’ अशी वेगळी फाईल ठेवावी, हे आता नवख्यालाही ठाऊक असतं. पण फाईल वाचली गेली म्हणजे तिच्यातलं सगळं लागू झालं, असं नाही. नोडमधली डॉटएन्व्ह लायब्ररी आधीपासून असलेल्या व्हेरिएबलला हात लावत नाही. ओव्हरराइड मुद्दाम मागावं लागतं. सर्व्हरवर हे शहाणपणाचंच, कारण तिथे खरे पत्ते बाहेरूनच येतात. टेस्टमध्ये मात्र नेमकं उलटं हवं असतं. नाहीतर फाईलमध्ये टेस्टचा डेटाबेस, आणि रिकामा होतो भलताच. तेही एकही टेस्ट लाल न होता!

मग क्रमाची भानगड. जावास्क्रिप्टच्या मॉड्यूलमध्ये इम्पोर्ट आधी उरकतात, बाकीचा कोड मागाहून. फाईलच्या अगदी पहिल्या ओळीत एन्व्ह लोड केलंत, तरी खाली इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलने जुना पत्ता केव्हाच खिशात टाकलेला असतो. जेस्टमध्ये म्हणून हे काम सेटअपफाइल्सकडे द्यायचं. त्या टेस्टच्या फाईलआधी चालतात.

फाईलमध्ये काय लिहायचं, यावर मी जास्त हट्टी आहे. पेमेंटचा पत्ता ‘.इनव्हॅलिड’ने संपणारा लिहितो. १९९९च्या आरएफसी २६०६ने ‘.टेस्ट’सोबत हेही टोक राखून ठेवलं आहे. त्या नावाचं खरं डोमेन कुणाला मिळत नाही. कोणी मॉक लावायला विसरला की कॉल कुठेच पोचत नाही आणि टेस्ट तिथल्या तिथे पडते. खरी चावी फाईलमध्ये एकही नसल्याने ती बिनधास्त गिटमध्ये जाते, नव्या माणसाला कुणाकडे ‘जरा एन्व्ह पाठव ना’ म्हणावं लागत नाही. नेक्स्ट जेएस तर टेस्टच्या वेळी ‘.एन्व्ह.लोकल’ वाचतच नाही, सगळ्यांच्या मशीनवर निकाल सारखा यावा म्हणून. मला हे फार पटतं.

रेल्सने पाचव्या आवृत्तीपासून एक पाऊल पुढे टाकलं. डेटाबेस कुठल्या एन्व्हायर्नमेंटचा आहे, हे त्याच्याच एका टेबलात नोंदलेलं असतं, आणि तिथे प्रॉडक्शन दिसलं की डेटाबेस पाडायची आज्ञा रेल्स सरळ नाकारतं. नोडमध्ये असं आयतं काही नाही, म्हणून सेटअपमध्ये आम्ही चार ओळी घातल्यात: डेटाबेसचं नाव ‘_टेस्ट’ने संपत नसेल तर टेस्ट सुरूच होत नाहीत. मध्यंतरी टीममधल्या एकाने कंटाळून त्या ओळी कमेंट करून रिव्ह्यूला पाठवल्या. बाकी बदल छान होता. तेवढ्या ओळींसाठी मी तो परत धाडला.