सूर्यास्ताच्या आत

पुण्याची माझी पुतणी दसऱ्याच्या सुमारास तुर्कस्तानातील बोद्रुम या गावी चार दिवस राहून आली. भूमध्य समुद्राचाच एक भाग असलेल्या एजियन समुद्राच्या काठी हे जुने गाव वसले आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी बांधायला घेतलेला किल्ला तेथे बंदरावर उभा आहे आणि प्राचीन जगातील सात आश्चर्यांत गणल्या गेलेल्या समाधीचे दगड त्याच्या भिंतींत बसवलेले आहेत. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून ती समुद्रात उतरली. रोज सकाळी बोटीने एखाद्या खाडीत जावे आणि संध्याकाळी गावात परतावे, असा तिचा क्रम होता. पौषात ती आलापल्लीला आली, तेव्हा हे सारे तिने आजोबांना, म्हणजे माझ्या बाबूजींना, छायाचित्रांसह सांगितले.

बाबूजींनी एकच प्रश्न विचारला. "त्या गावाचे पोट कशावर चालते?"

"आता प्रवाशांवर, दादासा. पूर्वी स्पंजावर."

स्पंज हा समुद्राच्या तळाशी वाढणारा जीव आहे, हे ऐकून बाबूजींनी डोळे मिटले. त्या किनाऱ्यावरचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या तो काढून विकत आले. मग कारखान्यात बनलेला स्पंज बाजारात आला, १९८० च्या दशकात खऱ्या स्पंजांवर रोग पडला आणि धंदा बसला. समुद्राचा तळ मात्र त्या पाणबुड्यांइतका कोणालाच ठाऊक नव्हता. १९८२ मध्ये त्यांच्यातल्याच एकाला उलुबुरुनच्या भूशिराजवळ धातूच्या, कान फुटल्यासारख्या दिसणाऱ्या लाद्या आढळल्या. ते तेहतीसशे वर्षांपूर्वी बुडालेले एक व्यापारी जहाज निघाले. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षे त्याचे उत्खनन चालले आणि आज त्यातील माल बोद्रुमच्या किल्ल्यातील संग्रहालयात मांडलेला आहे. पुतणीने मालाची यादी वाचून दाखवली : सुमारे दहा टन तांबे, एक टन कथील, काचेच्या लाद्या, राळ भरलेले रांजण, काळ्या लाकडाचे ओंडके, हस्तिदंत.

"शेवटचे दोन पुन्हा वाच," बाबूजी म्हणाले.

वाचकांना कारण सांगायला नको. श्रावकाच्या सातव्या व्रताच्या अतिचारांत जी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत वनकर्म आहे आणि दंतवाणिज्यही आहे. प्रतिक्रमणात ही नावे आपण ओघाने म्हणून जातो. आमच्या घरात मात्र दुसऱ्या नावाशी प्रत्येकाची जीभ क्षणभर अडखळते. माझ्या आजोबांनी आलापल्लीत दुकान थाटले ते किराण्याचे, पण घर उभे राहिले ते सागवानावर. वनखात्याच्या आगारात लिलाव होई, शासकीय हातोड्याचा शिक्का उमटलेले ओंडके आमच्या रस्त्यालगतच्या जागेत येत आणि तेथून बल्लारशाहला रेल्वेवर जात. येथील सागाची कीर्ती मोठी आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतील लाकूड बल्लारपूरहून वाजतगाजत निघाले, तेव्हा गावातील प्रत्येकाला अभिमान वाटला. बाबूजींनी हा धंदा बंद केला त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. त्यांनी कारण कोणाला सांगितले नाही आणि त्यानंतर ते जंगलातही गेले नाहीत. आमचे प्रवास म्हणजे तीर्थयात्रा : भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांचे दर्शन, जमल्यास पालिताणा, एकदा शिखरजी.

पुतणीने विचारले, "काकासा, बोद्रुमसारख्या एका दिवसात जाऊन येण्याच्या जागा येथे नाहीत का?" मी म्हणालो, येथे काय आहे? पन्नास वर्षे येथे काढलेल्या माणसाचे हे उत्तर. बाबूजी म्हणाले, "आहेत. मी येतो."

तेव्हा आम्ही निघालो. एक सोय सांगून ठेवतो : एका दिवसाची सहल आपल्या आचाराला फार मानवते. उकळलेल्या पाण्याची कोठी, खाखरे, मेथीचे ठेपले, मुगाची कोरडी डाळ एवढे बरोबर असले की कोणाच्या स्वयंपाकघराकडे पाहावे लागत नाही, आणि सूर्यास्ताच्या आत घर गाठायचे हे ठरलेले असल्याने चौविहारही मोडत नाही. अनेक वर्षे या भागात नक्षल चळवळीच्या धास्तीने लोक अंधाराच्या आत परततच. आमचे आणि त्यांचे घड्याळ असे जुळत आले.

पहिला दिवस वनवैभवाचा. भामरागडच्या रस्त्यावरचा हा जेमतेम सहा हेक्टरांचा तुकडा १९५३ पासून कुऱ्हाडीविना राखला आहे आणि २०१४ मध्ये त्याला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. येथे पडलेले झाड पडल्या जागीच राहते, त्यावर बुरशी चढते, वाळवी लागते, आणि त्याच्या मातीत दुसरे रुजते. बाजारात ज्याला आम्ही 'खराब माल' म्हटले असते तो येथे सर्वत्र पसरलेला होता. पायाखाली सागाची पाने इतकी वाजत होती की बाबूजी प्रत्येक पाऊल जयणेने, पाहून टाकत होते. एका प्रचंड सागापाशी ते थांबले. छातीच्या उंचीवर त्यांनी खोडाला दोन्ही हातांनी कवळ घातली, सरकून पुन्हा घातली, वर पाहिले, ओठ हलले. मला ठाऊक होते ते काय करत आहेत. गोलाई, सरळ लांबी, त्यातून घनफूट. चाळीस वर्षांनंतरही हिशेब पुरा व्हायला काही क्षणच लागले. आकडा त्यांनी मला सांगितला आणि मग तेच हात झाडासमोर जोडून ते म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्." पुतणी छायाचित्र घेणार होती, तिने मोबाईल खाली केला.

दुसऱ्या दिवशी सिरोंचाच्या रस्त्याने रेपनपल्लीवरून कमलापूरला गेलो. महाराष्ट्रातील हा एकमेव शासकीय हत्ती कॅम्प. पाहुणे तेथे हत्तीची पिले पाहायला जातात, आणि ती गोड असतातच. पण या हत्तींचे मूळ काम लाकूड ओढण्याचे. जेथे ट्रक पोहोचत नसे तेथून सागाचे ओंडके सोंडेने, साखळदंडाने ओढून ते रस्त्यापर्यंत आणीत. आता ते काम नाही. थंडीत त्यांना काही दिवस सुट्टी असते, तेव्हा वनौषधी उकळून त्यांच्या पायांना त्याचा शेक देतात. याला तेथे चोपिंग म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तेच चालले होते. माहूत एका म्हाताऱ्या हत्तिणीच्या तळव्याला भेगांतून औषध चोळीत होता. बाबूजी तेथे तासभर बसले. आमच्या हिशेबाच्या जुन्या वह्यांत लिलावाची रक्कम आहे, मालमोटारीचे भाडे आहे, हमाली आहे. हत्तीचा उल्लेख कोठेही नाही.

हेमलकसा आणि भामरागड एका दिवसात झाले. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाविषयी वाचकांनी पुष्कळ वाचले असेल, म्हणून लिहीत नाही. इतकेच सांगतो की तेथील रुग्णालयात आलेल्या माडिया रुग्णांपैकी दोघांनी आमचे दुकान ओळखले आणि घरच्यासारखी चौकशी केली. त्यापुढे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की हे गाव जगापासून तुटते. पौषात मात्र पाणी इतके नितळ की तळाचे गोटे दिसत होते. "येथे उतरायला नळकांडे नको," पुतणी म्हणाली. ती गुडघाभर पाण्यात गेली, आम्ही काठावरच थांबलो.

सिरोंचा दूर, सुमारे शंभर किलोमीटर, म्हणून नवकारशी होताच निघालो. तेथे जवळच वडधमला जीवाश्मांचे उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची खोडे तेथे दगड होऊन पडली आहेत. साल ओळखू येते, गाठी ओळखू येतात. बाबूजींनी काठीने ठोकून पाहिले, खणखणीत आवाज आला. "याला लिलाव नाही," ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले. सोमनूरला गोदावरी-इंद्रावतीचा संगम पाहायचा राहिला. ऊन कलू लागले होते.

परतताना आलापल्लीजवळ सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक लागले. या ट्रकांचा आमच्या घराशी संबंध येऊ घातला होता. रस्त्यालगतची ती जुनी लाकडाची जागा एक वाहतूकदार ट्रक उभे करण्यासाठी मागत होता. त्याने सांगितलेले मासिक भाडे आमच्या किराण्याच्या नफ्याहून अधिक होते. माझ्या मुलाचे मत होते, द्यावी. माझेही होते, हे लपवत नाही. दुकानाची विक्री वर्षागणिक उतरते आहे आणि मुलाचे लग्न व्हायचे आहे. पुतणीचे म्हणणे वेगळे. तेथे चार खोल्या बांधाव्यात, चौविहार पाळणारे कुटुंब निर्धास्त उतरेल असे स्वयंपाकघर ठेवावे आणि आम्ही पाहिले ते लोकांना पाहू द्यावे. मी तिला म्हटले, बोद्रुमला जगभरचे लोक येतात, आलापल्लीला कोण येणार? तिच्यापाशी उत्तर नव्हते.

बाबूजींनी त्या रात्री सामायिकानंतर निकाल दिला. जागा ट्रकांना द्यायची नाही. जमीन फोडून काढलेल्या मालाच्या गाड्या, म्हणजे स्फोटकर्मही आले आणि शकटकर्मही. खोल्या बांधाव्यात, पण चार नाही, दोन. आणि पाहुण्यांसाठी मोटार भाड्याने ठेवायची नाही, कारण ते भाटककर्म. यावर पुतणीने डोक्याला हात लावला. पाहुणे काय चालत वनवैभवाला जाणार? हा वाद अजून मिटलेला नाही. वाहतूकदाराला मी नकार कळवला. त्याने पलीकडच्या प्लॉटवाल्याशी दोन दिवसांत करार केला आणि आता ट्रकांची धूळ आमच्या ओसरीवर भाड्याविना येते.

पायाची आखणी करायला आम्ही त्या जागेवर गेलो, तेव्हा कोपऱ्यातील गवतात दोन ओंडके निघाले, चाळीस वर्षे विसरलेले. एकाच्या तोंडावर हातोड्याचा शिक्का अजून वाचता येत होता. गवंडी म्हणाला, चौकटींना उत्तम होतील, चिरून आणतो. बाबूजींनी आधी ते उलटवायला सांगितले. खालच्या बाजूस मुंग्यांची वारुळे आणि पांढऱ्या अळ्या होत्या. त्यांनी ओंडके हलकेच पूर्ववत ठेवायला लावले, आखणीची दोरी दोन हात अलीकडे घ्यायला सांगितली आणि घड्याळ पाहून माझ्याकडे पाणी मागितले. सूर्यास्ताला दहा मिनिटे होती.