पाचवे पान

पोकर या खेळात एक क्षण असा येतो, की त्या वेळी खेळणाऱ्याला न्यायाधीश व्हावे लागते, आणि तेही पुरावा अपुरा असताना. ज्या वाचकांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. प्रत्येकाच्या हाती दोन झाकली पाने असतात. मध्ये पाच उघडी पाने, ती सर्वांची सामायिक. ती एकदम उघडत नाहीत. आधी तीन, मग एक, शेवटी एक, आणि प्रत्येक टप्प्यावर बोली. सातांतून उत्तम पाच पाने ज्याची, मधली रास त्याची. शेवटच्या पानाला ‘रिव्हर’ म्हणतात. चौथ्या पानापर्यंत आशेला जागा असते. पाचवे उलटले, की जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. उरते एकच अज्ञान: समोरच्याच्या हाती काय आहे? अशा वेळी त्याने मोठी बोली लावली, तर तेवढेच भरून त्याची पाने पाहावीत, की आपली पाने मिटून रास सोडून द्यावी?

धारगळच्या आमच्या घरी चवथीच्या रात्री आरत्या आटोपल्या, की पत्त्यांचा कॅट निघतो. ही रीत जुनी. खेळ मात्र बदलला. मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर पाने वाटण्याची नोकरी करणाऱ्या भाच्याने मेंढीकोटाच्या जागी पोकर आणला. १९९६ सालच्या दुरुस्तीने गोव्यात जहाजांवर असे खेळ कायदेशीर झाले, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे खेळण्याची मनाई लागू झाली. त्यामुळे परगावच्या पाहुण्यांना रात्ररात्र पाने वाटणारा हा मुलगा स्वतः खेळतो तो आमच्या सोप्यावर, आणि पैशांऐवजी पावसाळ्यासाठी सुकवून ठेवलेल्या काजूबियांवर.

अशाच एका चवथीला आमच्या हाती इस्पिक एक्का आणि चौकट राजा आला. मध्ये किल्वर राजा, इस्पिक सत्ती, इस्पिक चव्वी. मग बदाम दुर्री. राजांची जोडी जमली होती. तोवर बोली आम्ही लावीत होतो आणि भाचा मुकाट्याने तेवढेच भरीत होता. पाचवे पान इस्पिक दश्शी निघाले. रास १२० बियांची झाली होती. भाच्याने आणखी १२० बिया मोजून पुढे सरकवल्या आणि शांतपणे विचारले, “मामा, बगतलात काय सोडतलात?”

माणूस अशा वेळी समोरचा चेहरा वाचू लागतो. पण चेहरा कोरा ठेवणे हा ज्याचा पोटापाण्याचा धंदा, त्याच्या चेहऱ्यावर काय वाचणार? म्हणून ‘हा थाप मारतो आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवून आधी किंमत विचारावी. १२० भरून २४० मिळण्याची शक्यता. म्हणजे तीन वेळांत एकदा आपले बरोबर ठरले, तरी हिशेब बरोबरीत सुटतो. बोली राशीच्या निम्मी असती, तर चारांत एकदा पुरे होते. दुप्पट असती, तर पाचांत दोनदा. बोली कितीही फुगली, तरी निम्म्याहून अधिक वेळा बरोबर ठरण्याची गरज कधीच पडत नाही. मोठा आकडा छाती दडपतो खरा, पण गणित तेवढे दडपत नाही.

किंमत कळली, की पाने मोजायची. तेरा इस्पिकांपैकी तीन मध्ये, एक आमच्या हाती. न दिसणारी नऊ. नऊंच्या जोड्या ३६. एक्का आमच्याकडे नसता, तर दहांच्या ४५ झाल्या असत्या. म्हणजे आमचे एक पान भाच्याच्या नऊ वाटा अडवून बसले होते. उरलेल्या ३६ पैकी कितीतरी जोड्या इतक्या क्षुल्लक, की कोणीही त्या पहिल्याच फेरीत टाकून देईल. दुसऱ्या बाजूला पंजी-छक्कीसारखी पाने. त्यांचा क्रम जुळायला तिर्री किंवा अठ्ठी हवी होती, ती आली नाही. आता थाप मारल्याखेरीज त्यांना गती नाही.

पाने मोजता मोजता आम्हांला नळराजा आठवला. द्यूतात राज्य गमावलेल्या युधिष्ठिराला वनपर्वात बृहदश्व ऋषी त्याची कथा सांगतात. पुष्कराशी खेळताना नळ आंधळेपणाने हरत गेला. पुढे सारथी होऊन ऋतुपर्णाला विदर्भाकडे नेत असता, त्या राजाने वाटेतल्या बेहड्याची पाने आणि फळे नुसत्या नजरेने सांगितली. नळाने रथ थांबवून ती मोजली, बरोबर निघाली. अश्वविद्या देऊन त्याने ते अक्षहृदय शिकून घेतले, आणि तेव्हाच त्याच्या अंगातला कली बाहेर पडला. मोजण्याची विद्या आली आणि कली गेला, हा क्रम आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो.

आम्ही पाने सोडली. मोजणीने काय संभवते ते कळते. माणूस काय करतो ते पाहूनच ठरवावे लागते. त्या रात्री भाच्याने शेवटच्या पानावर राशीएवढी बोली चारदा लावली होती. चारही वेळा कोणीतरी पाहिले, चारही वेळा पाने खरी निघाली. घरच्या खेळात जो तो पाहण्याच्या हौसेनेच बसलेला असतो. तेथे थाप परवडत नाही, हे तो जाणून होता. पाहण्याची किंमत न भरणाऱ्याला पाने दाखवण्याचे बंधन नसते. त्याने ती तशीच कॅटात मिसळली.

२००३ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत शेवटचे दोघे उरले असता, सॅमी फरहापाशी नव्व्यांची जोडी होती. समोर टेनेसीचा हिशेबनीस ख्रिस मनीमेकर. हाती राजा आणि सत्ती, काहीच न जुळलेले. पाचव्या पानावर त्याने सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. फरहाने विचार करून पाने सोडली, आणि पुढे मनीमेकर २५ लाख डॉलर जिंकून गेला. दूरचित्रवाणीवर झाकली पाने पाहणाऱ्यांना फरहा चुकला असे वाटणे सोपे आहे. पण निर्णय तोलायचा तो त्या घडीला जे ठाऊक होते त्यावर. पडद्याने मागाहून दाखवलेल्यावर नव्हे.

या हिशेबाला एक मर्यादा मात्र आहे. ‘तीन वेळांत एकदा’ ही भाषा पुढच्या डावाच्या भरवशावर बोलता येते. डिसेंबर २०२२ मध्ये मोप विमानतळाचे उद्घाटन झाले आणि धारगळच्या वाटेवर जमिनीच्या दलालांची वर्दळ वाढली. आमच्या काजूच्या डोंगरीलाही एक बोली आली. आकडा छाती दडपणारा, मुदत चार दिवसांची, आणि ‘पुढे हा भाव मिळणार नाही’ अशी वर पुस्ती. त्याचे बोलणे खरे की थाप, हे ठरवायला चार वेळांचा पुरावाही आमच्यापाशी नव्हता. तो माणूस आमच्यासमोर पहिल्यांदाच बसला होता. भावंडांनी एकत्र बसून मोजायचे ते मोजले: झाडे, विहीर, वाटण्या, मुलांच्या फिया. मग एक प्रश्न उरला, जो पत्त्यांत कधी विचारावा लागत नाही: हा डाव गेला, तर पुढचा डाव आहे का? १२० बिया गेल्या असत्या, तर दुसऱ्या डावाला बसता येत होते. डोंगरी एकच. आम्ही त्याला नकार कळवला. त्याच्या झाकल्या हातात काय होते, ते आम्हांला कळणार नाही. आणि ते कळून घेण्यासाठी जी किंमत भरावी लागली असती, ती डोंगरीवर या मोसमातही मोहरली आहे.