घुमारा वॅटमध्ये नसतो

घरच्या स्टिरिओला बास कमी वाटला की आपल्या पोरांना एकच सल्ला मिळतो : जास्त वॅटचा ॲम्प्लिफायर घ्या, मोठा सबवूफर घ्या. हा सल्ला देणारा बहुतेक वेळा तो विकणाराच असतो. पहिल्या पगारातून, भिशीच्या पैशातून, हप्त्यावर वस्तू घेणाऱ्या तरुणाने या सल्ल्याची चिकित्सा केलीच पाहिजे. कारण पैसा नक्की जातो, बास येईलच असे नाही.

आधी वॅटचा आकडा पाहू. स्वस्त होम थिएटरच्या खोक्यावर पाच-दहा हजार वॅट 'पीएमपीओ' छापलेले असते. हा आकडा मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला सुमारे १,४०० वॅटपेक्षा जास्त वीज सतत घेता येत नाही. मग हे १०,००० वॅट येतात कुठून? बघायचाच असेल तर 'आरएमएस' आकडा बघा. आणि तोही दुप्पट झाला म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. ५० वॅटचे १०० वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकेच. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी दहापट वॅट. हे गणित दुकानात कोणी सांगत नाही.

दुसरीकडे एक तथाकथित जाणकारांचा वर्ग आहे. त्यांच्या मते बास मागणे म्हणजेच गावठी आवड. चांगल्या कानाला म्हणे बारीक, स्वच्छ आवाज पुरतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ च्या 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात दाखवून दिले की, अभिरुची ही वर्गा-वर्गांतले अंतर मिरवण्याचे साधनसुद्धा असते. इथे तेच चालले आहे. वास्तविक डग्ग्याचा घुमारा काढून टाकला तर तबला उरतो का? प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यातली ढोलकी नुसती टिकटिक वाजली तर ते ऐकणे पुरे होते का? ज्याने खालचा सूर बनवला त्याने तो ऐकला जावा म्हणूनच बनवला.

शरीरशास्त्रही आपल्याच बाजूने आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडले की, आवाज हळू केला की आपल्या कानाला खालचे सूर जास्त वेगाने कमी ऐकू येऊ लागतात. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचे बटण असते ते याचसाठी. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या वस्तीत आवाज हळूच ठेवावा लागतो. तेव्हा हळू आवाजात बास वाढवावासा वाटणे ही कानाची गरज आहे, त्यात कमीपणा कसला?

आता प्रत्यक्षात काय करायचे ते सांगतो. आम्ही घरात तिघे : आम्ही नवरा-बायको आणि धाकटा भाऊ. खोली १० बाय १२ फुटांची, उंचीही १० फूट. जुना घेतलेला ५० वॅटचा ॲम्प्लिफायर आणि ५ इंची वूफरचे दोन स्पीकर. बास पोकळ वाटत होता. दुकानदाराचे उत्तर ठरलेले होते, सबवूफर. आम्ही ठरवले की आधी तपासायचे.

पहिली तपासणी तारांची. जोडून देणाऱ्या दुकानाच्या माणसाने एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लावून ठेवली होती. असे झाले की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघांचे खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल करा आणि तेच गाणे पुन्हा लावा. ज्या जोडणीत बास भरतो आणि गायकाचा आवाज बरोबर मधून येतो, ती जोडणी खरी. खर्च शून्य. आमचा अर्धा प्रश्न इथेच मिटला.

उरलेल्या अर्ध्यावर घरात वाद झाला. भिंतीला लागून असलेल्या खाटेवर बायको बसते. ती म्हणे, "मला तर भरपूर ऐकू येतोय." खोलीच्या मधोमध टेबलाशी बसून आम्हाला काहीच येत नव्हते. भाऊ म्हणाला, "दादा, जागा बदलून बघा ना." जागा बदलली आणि दोघांचे म्हणणेही बदलले.

याचे कारण खोली. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. भिंतीशी तो फुगतो, बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. १० फुटांच्या अंतराला हाच प्रकार ५६ हर्ट्झला होतो. आमची रुंदी आणि उंची सारखीच असल्याने तो सूर दोन्ही दिशांनी फुगतो. तुमची खोली वेगळी, तर तुमचे आकडे वेगळे. १,१२५ ला फुटांतल्या लांबीच्या दुपटीने भागा, आकडा हातात येईल. मोबाइलवर टोन जनरेटरचे फुकट ॲप मिळते. ४० पासून १०० हर्ट्झपर्यंतचे सूर हळू आवाजात एकेक करून लावा आणि खोलीत फिरा. कुठे बास मरतो आणि कुठे फुगतो ते तुमचेच कान सांगतील.

मग आम्ही बसायची जागा मधून हलवली, पण पाठ भिंतीला चिकटवली नाही. स्पीकर शोकेसच्या आतून बाहेर काढून भिंतीपासून फूटभर पुढे ठेवले. स्पीकर भिंतीजवळ नेला की बास वाढतो, कोपऱ्यात नेला की आणखी वाढतो. पण त्याबरोबर गढूळपणाही येतो. म्हणून चार-चार बोटे सरकवत ऐकायचे. मागच्या छिद्रातून फार घुमत असेल तर त्यात स्पंजचा तुकडा घालून पाहा. भिंतीला पातळ फोम चिकटवण्यावर मात्र पैसे घालवू नका. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते. बोटभर जाडीचा फोम किंवा गोधडी तिला अडवत नाही.

बासची कळ फिरवतानाही भान हवे. ६ डेसिबल वाढवले की त्या सुरांसाठी ॲम्प्लिफायरला चौपट ताकद लागते. ती नसेल तर आवाज फाटतो आणि ट्वीटर जळू शकतो. एकूण आवाज हळू असेल तर कळ बिनधास्त वाढवा. मोठा आवाज हवा असेल तर कळ मागे घ्या.

एवढे करूनही खोल सूर हवा असेल तर सबवूफरची मागणी रास्त आहे. तितक्याच जोरात सूर एक सप्तक खाली न्यायचा तर चौपट हवा ढकलावी लागते, आणि ५ इंची पडद्याला मर्यादा आहेत. पण तो घेतल्यावर कुठल्याही कोपऱ्यात ढकलू नका. आधी तो तुमच्या बसायच्या जागेवर ठेवून वाजवा, भिंतीकडेने वाकून फिरा आणि जिथे बास एकसारखा ऐकू येईल तिथे तो न्या. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या जवळ लावा, फेजचे बटण दोन्हीकडे करून जिथे बास भरतो तिथे ठेवा. सबवूफर वेगळा वाजतोय असे वाटले तर तो जास्त आहे.

शेवटचा मुद्दा शेजाऱ्यांचा. खालचा सूर भिंत ओलांडतोच. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजारच्या खोलीत कुणाचे बाळ झोपलेले असते, कुणी परीक्षेचा अभ्यास करत असतो. त्यांचाही हक्क आपल्याइतकाच आहे. जागा आणि तारा नीट असतील तर हळू आवाजातही ढोलकी पोटात वाजते.

तेव्हा मित्रांनो, दुकानात जाण्याआधी एक रविवार घरी द्या. तारा तपासा, सूर लावून फिरा, स्पीकर सरकवा. त्यानंतरही काही कमी वाटले तर नेमके काय कमी आहे ते तुम्हाला ठाऊक असेल, आणि मग समोरचा कितीही हजार वॅट सांगो, तुम्ही त्याला उलट प्रश्न विचारू शकाल.