पडघ्याच्या तारा आणि सूर्याचे पोट

मुंबईहून नाशिकला निघालेल्या मंडळींना पडघा ठाऊक असतो तो मोटारीच्या खिडकीतून. भिवंडीकडची गुदामे मागे पडतात, भाताची खाचरे दिसू लागतात, कुणीतरी कसारा घाट अजून किती लांब म्हणून विचारते आणि तेवढ्यात गाव निघूनही जाते. यंदा आश्विनात एका जुन्या विद्यार्थ्याने फारच आग्रह केला, म्हणून मी तिथे उतरलो. हळवे भात पिवळे पडले होते आणि त्यावरून थेट क्षितिजापर्यंत विजेच्या तारा गेल्या होत्या.

या तारा हेच पडघ्याचे वैभव. वीजखात्याच्या लेखी हे ‘पडघे’. चंद्रपूरच्या कोळशावर निर्माण झालेली वीज ७५२ किलोमीटर चालून १९९९ पासून इथे मुक्कामाला येते. दाब पाच लाख व्होल्ट! कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडांनी साठवलेले ऊन. तेव्हा महाराष्ट्राच्या एका टोकाचे शिळे ऊन दुसऱ्या टोकाला येऊन मुंबईचे पंखे फिरवते, असे म्हणायला हरकत नाही. कुंपणाबाहेर उभे राहिले की एक अखंड घुमारा कानी येतो. पडघा आणि पडघम यांचे नाते व्युत्पत्तिकारांना मान्य होणार नाही. पण तो आवाज ऐकताना माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला ते सुचल्यावाचून राहत नाही.

संध्याकाळी अंगणात चहा झाला. विद्यार्थ्याची मुलगी बारावीत आहे. तिला इंजिनिअर व्हायचे नाही. निव्वळ भौतिकशास्त्र शिकायचे आहे. आजोबांना हे पटलेले नव्हते. म्हणाले, “मास्तर, तुम्हीच सांगा हिला. सूर्याच्या पोटात काय चाललंय ते कळून कुणाचं पोट भरलंय?”

मी तारांकडे बोट दाखवले. १३ मार्च १९८९ रोजी सूर्यावरून उठलेल्या वादळाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हादरले, जमिनीतून भलतेच प्रवाह वीजजाळ्यात शिरले आणि कॅनडातला क्विबेक प्रांत दीड मिनिटात अंधारात बुडाला. साठ लाख लोक, सुमारे नऊ तास! आपण विषुववृत्ताजवळचे; आपल्याला असा धक्का सौम्य बसतो. पण अशी वादळे बहुधा उठतात ती सूर्यावरच्या डागांच्या परिसरातून, आणि त्या डागांच्या रचनेचे गणित १९६३ साली मांडणाऱ्यांत आपल्या मुंबईचा एक तरुण होता, शशिकुमार चित्रे.

१९३६ साली मुंबईत जन्म, एल्फिन्स्टन कॉलेज, मग केंब्रिज. लीड्स, कॅलिफोर्निया करून १९६७ मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि २००१ पर्यंत तिथेच राहिले. कुलाब्याच्या समुद्राकाठी बसून सूर्याच्या गाभ्यात शिरायचे, तेही कागद-पेन्सिल आणि गणकयंत्र यांच्या बळावर!

त्यांच्या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट एका चोरीच्या तपासाची आहे. सूर्याच्या गाभ्यात जी भट्टी पेटली आहे तिच्यातून न्यूट्रिनो नावाचे कण बाहेर पडतात. अमेरिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत खोलवर रेमंड डेव्हिस यांनी ते मोजले, तर हिशेबाच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच भरले. बाकीचे गेले कुठे? एक तर सूर्याविषयीचे आपले गणित चुकले, नाहीतर कणांविषयीचे. गाभ्याचे तापमान दीड कोटी अंश धरले होते. ते थोडे कमी धरले की हिशेब जमतो, असा सोयीचा मार्ग होता.

चित्रे आणि त्यांचे सहकारी एच. एम. अंतिया यांनी सूर्यालाच विचारले. सूर्य घुमतो. त्याचा पृष्ठभाग सुमारे पाच-पाच मिनिटांच्या ठेक्याने खालीवर होत असतो. बोटाने ठोकून नारळ पारखावा तसे या लहरींवरून आतले तापमान, घनता, द्रव्य सारे ताडता येते. १९९५ पासून जगभर सहा दुर्बिणी ही स्पंदने टिपू लागल्या. त्यांतली एक उदयपूरची. अशा निरीक्षणांवरून १९९७ च्या सुमारास या दोघांनी दाखवले की सूर्याचे तापमान वगैरे बदलून हा हिशेब जुळत नाही. चोर सूर्यात नाही, कणांत शोधा! २००१-०२ मध्ये कॅनडातल्या प्रयोगाने तो सापडला: न्यूट्रिनो वाटेत रूप पालटतात. सूर्य निर्दोष सुटला.

“म्हणजे पोराने साक्ष दिली म्हणायची,” आजोबा म्हणाले. पोराने कसली, तेव्हा चित्रे साठीला आले होते! २०१२ मध्ये पद्मभूषण झाले, २०२१ मध्ये गेले. पण त्याआधी, निवृत्तीनंतर स्वस्थ न बसता, कलिन्याला अणुऊर्जा खाते आणि मुंबई विद्यापीठ यांनी २००७ मध्ये काढलेल्या मूलभूत विज्ञान केंद्राच्या उभारणीत ते रमले. बारावी झालेल्या मुलांनी थेट संशोधकांपाशी बसून शिकावे, हा त्यामागचा विचार. नातीचे डोळे त्याच केंद्राकडे लागलेले आहेत.

आजोबा बराच वेळ तारांकडे पाहत बसले. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारले, “किती वर्षांचं असतं हो ते शिक्षण?”

“पाच,” माझ्याआधी नातीनेच सांगितले.