'लेकरू विसरून जाईल' म्हणू नका



आपल्या खेड्यात कुणाच्या घरावर संकट आलं की शेजारपाजार धावून येतो. कुणी चूल पेटवतं, कुणी भाकरी आणतं, कुणी गुरांना वैरण टाकतं. मोठ्या माणसांना जवळ घेऊन रडू देतात. पण कोपऱ्यात बसलेल्या दोन-तीन वर्षांच्या लेकराकडे बघून म्हणतात, "त्याला काय कळतंय? लहान आहे, विसरून जाईल."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले. आधी महिला मंडळाची बालवाडी आणि पुढं अंगणवाडी मी चालवली. आता निवृत्त होऊन नातवंडं सांभाळते. माझ्या हाताखालून शेकडो लेकरं गेली. त्यांना पाहूनच सांगते, लेकरू विसरत नाही. त्याला सांगता येत नाही, एवढंच.

आमचा मुलूख किल्लारीच्या बाजूचा. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आमच्याकडचं कुणी विसरणार नाही. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. चार वाजायच्या सुमाराला धरणी हलली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाची जाड माती. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून 10 हजारांच्या आसपास माणसं गेली. 52 गावं नव्या जागेवर वसवावी लागली. गेलेल्या माणसांची मोजदाद झाली, पडलेल्या घरांची झाली, जनावरांचीही झाली. पण जी लेकरं ढिगाऱ्यातून जिवंत निघाली, त्यांच्या मनात काय पडलं होतं ते कोण मोजणार?

दिवाळीनंतर माझ्याकडे तीन वर्षांची एक पोर आली. तिची आई त्या पहाटे गेली होती. बाप शेतावर जागलीला होता म्हणून वाचला. मामानं तिला आमच्या गावी आजीजवळ आणून ठेवलं होतं. आपण तिला छकुली म्हणू.

छकुली रडत नसे. हट्ट करत नसे. दिलं ते खाई, बसवलं तिथं बसे. बायका म्हणत, "पोर किती शहाणी आहे!" मला मात्र तिचं ते शहाणपण बघवत नसे. तीन वर्षांचं लेकरू आणि हट्ट म्हणून नाही, हे काही चांगलं लक्षण नव्हे. आजी सांगे, आधी ती चुरुचुरू बोलायची. आता तोंडातून शब्द फुटत नव्हता. अंथरुण ओलं करणं केव्हाच सुटलं होतं, ते पुन्हा सुरू झालं होतं. बालवाडीच्या खोलीत ती पाऊल टाकत नसे, बाहेर आभाळाखाली बसे. आणि रोज एकच खेळ. काड्यापेटीची रिकामी खोकी एकावर एक रचायची, हातानं पाडायची, वरून माती टाकायची. पुन्हा उकरून काढायची, पुन्हा रचायची.

गावात कुणी म्हणालं, पोर भ्यालीय, उतारा टाका. आजीनं उतारा टाकला, अंगारा लावला. मी आडवी गेले नाही. त्यानं आजीच्या मनाला धीर आला, आणि आजीला धीर येणं हेही त्या पोरीच्या भल्याचंच होतं. पण तेवढ्यावर भागणारं नव्हतं.

त्या दिवसांत पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लेकरांसाठी पुण्याहून एक बाई येत असत. लहान मुलांच्या मनाचं शिक्षण घेतलेल्या. त्या आमच्या गावीही तीन-चार वेळा आल्या. त्यांनी औषध दिलं नाही की सुई टोचली नाही. छकुलीच्या शेजारी मातीत बसून तिचा खेळ पाहिला आणि आजीला व मला जवळ बोलावून म्हणाल्या, "हा खेळ बंद करू नका. जे तिला तोंडानं सांगता येत नाही, ते ती हातानं सांगतेय. तुम्ही फक्त शेजारी बसा."

आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. पहिली, उठणं, जेवण, अंघोळ, झोप यांची वेळ रोज तीच ठेवा, आणि रात्री कुशीत घेणारं माणूसही तेच ठेवा. जिचं सगळं जग एका क्षणात उलटंपालटं झालं, तिला उद्या काय होणार हे आधी कळलं पाहिजे. दुसरी, तिच्याशी खोटं बोलू नका. "आई गावाला गेलीय, येईल" असं म्हटलं की लेकरू वाट बघत राहतं. साध्या शब्दांत सांगा, "आई वारली. ती परत येणार नाही. त्यात तुझा काही दोष नाही. आजी इथंच आहे."

आजीनं पदर डोळ्याला लावला, पण सांगितलं. मी माझा वर्ग बाहेर लिंबाखाली आणला. महिन्याभरानं दार-खिडक्या सताड उघडून उंबऱ्याजवळ बसवला. संक्रांतीनंतर छकुली आत येऊ लागली. आणि शिमग्याच्या सुमाराला एक दिवस तिनं खोकी रचली, पण पाडली नाहीत. त्यात एक चिंचोका ठेवला आणि हळूच म्हणाली, "आजी झोपली."

आज ती दोन लेकरांची आई आहे. शेत बघते, हसते, भांडतेसुद्धा. दाराला कडी घालून झोपणं मात्र तिला अजून जमत नाही. सगळं पुसून गेलं, असं मी म्हणणार नाही. पण ती उभी राहिली.

तुम्ही शेतकरी माणसं, म्हणून शेतातलाच दाखला देते. रोप कोवळं असताना पाण्याचा ताण बसला तर वाढ खुंटते. मेंदूचंही तसंच. त्याची बरीचशी वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांत होते. त्या काळात लेकरू सारखं भीतीत राहिलं, तर त्याचं अंग जणू रात्रंदिवस राखणीला बसतं. सगळी शक्ती त्यातच खर्च होते, मग बोलणं, शिकणं, खेळणं मागं पडतं. पण कोवळ्या रोपाला वेळेवर पाणी मिळालं तर ते तरारतंही लवकर. म्हणून जे करायचं ते लवकर करायचं.

हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी युद्धात सापडलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांना दिसून आलं की लहान मुलांना बॉम्बपेक्षाही आईपासूनची ताटातूट जास्त बाधते. पुढं 2000 सालापासून रुमानियात बुखारेस्ट इथं, अनाथालयात वाढणाऱ्या 136 बालकांचा अभ्यास झाला. त्यातली निम्मी बालकं सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत दिली. ती सावरली, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत ज्यांना घर मिळालं ती जास्त सावरली.

आता तुम्ही म्हणाल, भूकंप काय रोज होतो? नाही होत. पण लेकराच्या मनाला हादरा बसायला भूकंपच लागतो असं नाही. रोज रात्री दारू पिऊन आईला होणारी मारहाण ते गोधडीतून बघत असतं. कर्जापायी घरातला कर्ता माणूस जीव देतो, तेव्हा ते तिथंच असतं. आई-बाप ऊसतोडीला जातात आणि तान्हं मागं राहतं. विंचूदंश, भाजणं, लांबचं आजारपण, सगळं त्याच्या आत साठत जातं.

म्हणून घरातल्या लेकरावर नजर ठेवा. येणारं बोलणं बंद झालं, सुटलेली सवय परत आली, झोपेतून किंचाळून उठू लागलं, जराशा आवाजानं दचकू लागलं, कुणाला सोडेनाच किंवा उलट कुणाकडेच जाईना, आणि असं महिनाभर चाललं, तर "होईल आपोआप" म्हणून थांबू नका. लेकरू फारच गप्प आणि शहाणं झालं, तरी थांबू नका.

1993 साली आम्हांला पुण्याहून कुणी येण्याची वाट बघावी लागली. आज तशी स्थिती नाही. अंगणवाडी ताईला आणि आशाताईला आधी सांगा. 2013 सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन लेकरं तपासतं. त्या दिवशी लेकराचं वजन करून घरी परतू नका. मनातली शंका बोलून दाखवा. गरज असेल तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. नाव बोजड आहे, अर्थ साधा आहे: वेळेवर हात देणं. तिथं बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, बोलायला शिकवणारे, अंगाला वळण लावणारे असे जाणकार असतात. त्याला पैसे पडत नाहीत. मनाच्या त्रासासाठी 14416 या नंबरावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो. लेकराला कुणी छळत असेल तर 1098 आहे. आणि ज्या आईला स्वतःलाच मार बसतो, किंवा जी दुःखानं खचली आहे, तिनंही मदत मागावी. आई सावरली की लेकरू सावरतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. हे जाणकार आठवड्यातून तासभर भेटतील. उरलेले सगळे तास आपले आहेत. ते येऊन तुमचं लेकरू परस्पर बरं करत नाहीत, ते तुम्हांला शिकवून जातात. मांडी तुमचीच लागते, आवाज तुमचाच लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाच्या दारी दुःखाला जाल, तेव्हा मोठ्यांशी बोलून झाल्यावर कोपऱ्यातल्या त्या पोराजवळही दोन घटका जमिनीवर बसा. काही विचारू नका, उपदेश करू नका. नुसतं बसा. आणि कुणी म्हणालंच की लहान आहे, विसरून जाईल, तर त्याला माझं नाव न घेता एवढं सांगा: लहान आहे, म्हणूनच लवकर बघायला हवं.