अब्बांचं पार्क

रोलरकोस्टर टायकून हा कॉम्प्युटरवरचा खेळ १९९९ साली आला. त्याचा दुसरा भाग २००२ साली. ख्रिस सॉयर या स्कॉटिश माणसाने त्याचा प्रोग्रॅम जवळजवळ एकट्याने लिहिला. चित्रं सायमन फॉस्टरची, संगीत अ‍ॅलिस्टर ब्रिंबलचं. खेळात आपल्याला एक जमीन मिळते. तिच्यावर पाळणे, घसरगुंड्या, खाण्याच्या टपऱ्या बांधायच्या, तिकिटांचे दर ठरवायचे, सफाई कामगार आणि मेकॅनिक ठेवायचे. पाहुणे येतात, फिरतात, पैसे खर्च करतात, उलट्या करतात आणि घरी जातात. मारामारी नाही, जुगार नाही.

आमच्या घरात हा खेळ मुलांनी नाही, अब्बांनी खेळला. अब्बा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले त्या वर्षी भाईजाननी दुबईहून दुसऱ्या भागाची अस्सल, खोक्यातली सीडी आणली होती ती खरं तर भाच्यासाठी. भाचा आठवड्यात कंटाळला. अब्बा इशाची नमाज झाली की कॉम्प्युटरसमोर बसायचे. नातेवाइकांत कुजबुज व्हायची, या वयात हे काय लहवो-लअब. अब्बा म्हणायचे, आयुष्यभर दुसऱ्याचं तिकीट फाडलं, आता स्वतःचं फाडू द्या.

त्यांनी निवडला होता तो डाव इलेक्ट्रिक फील्ड्स नावाचा. वारशाने एक छोटं शेत मिळालंय आणि शेताच्या बांधांमध्ये पार्क उभं करायचंय, असा. डावाचं उद्दिष्ट त्यांनी केव्हाच पूर्ण केलं, पण खेळ त्यानंतरही चालू ठेवता येतो. तो त्यांनी आठ वर्षं चालू ठेवला. तेच एक पार्क. एक तक्रार मात्र कायम होती. या खेळातलं वर्ष मार्च ते ऑक्टोबर असं आठच महिन्यांचं असतं. ऑक्टोबर संपला की थेट पुढच्या सालचा मार्च. "ऐन गर्दीचे महिनेच गायब," अब्बा म्हणायचे, "याने एसटी चालवलेली दिसत नाही."

अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या हातचं लिहिलेलं घरात जवळपास काही नाही. फोटो आहेत, त्यात ते प्रत्येक ठिकाणी कडेला उभे. जुना कॉम्प्युटर भंगारात देताना भाईजाननी त्यातली हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली होती, फडक्यात गुंडाळून. या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती बाहेर काढली. दुकानदाराने जोडणीची वायर दिली आणि सांगितलं की डिस्क टक-टक आवाज करतेय, जे घ्यायचंय ते एकदाच घ्या. पहिल्याच फोल्डरात सापडली ती एसव्ही६ या शेपटीची फाईल. एवढीशी फाईल. आठ वर्षं त्यात.

पण फाईल म्हणजे कुलूप. ती उघडायला तो खेळ हवा, आणि खेळ नव्या लॅपटॉपवर चालेना.

आधी सीडी. लॅपटॉपला सीडीची खाचच नसते, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह उसना आणला. तरीही खेळ सुरू होईना. त्या काळच्या अनेक खेळांच्या सीडींवर नक्कल होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाची राखण असायची, आणि ती विंडोजच्या एका ड्रायव्हरवर अवलंबून होती. तो ड्रायव्हर सुरक्षिततेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० पासून बंद केला. म्हणजे चोराची सीडी चालते आणि पैसे मोजून घेतलेली चालत नाही! मी मग तोच खेळ गॉग या ऑनलाइन दुकानातून पुन्हा विकत घेतला. तिथे जुने खेळ राखण काढून विकतात. तो सुरू झाला, पण २५६ रंगांच्या, चौकोनी पडद्याच्या जमान्यातलं चित्र रुंद पडद्यावर ताणलं गेलं, पाहुणे बसके दिसू लागले, आणि दुसरी खिडकी उघडली की खेळ काळा पडायचा. मुलगा म्हणाला, "अम्मी, ओपनआरसीटी२ घे ना. सगळे तेच वापरतात."

ते काय आहे ते समजून घेताना मी माझं मूळ काम विसरले आणि दोन दिवस त्यातच रमले. भाषेच्या शिक्षिकेला भावेल असंच ते प्रकरण आहे.

साधारणपणे प्रोग्रॅम लिहिणारा माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो आणि कंपायलर नावाचा दुभाषी ते यंत्राच्या बोलीत उतरवतो. यंत्र बदललं तर दुभाषी बदलायचा, मूळ मजकूर तोच. सॉयरने दुभाष्याला फारसं कामच ठेवलं नाही. रोलरकोस्टर टायकूनचा ९९ टक्के भाग त्याने थेट असेंब्लीत, म्हणजे त्या काळच्या पीसीच्या प्रोसेसरच्या बोलीत लिहिला. फक्त विंडोजशी बोलण्यापुरती थोडी सी भाषा. म्हणून तो खेळ त्या काळच्या अशक्त कॉम्प्युटरवरही हजारो पाहुणे एकाच वेळी चालवू शकायचा. आणि म्हणूनच तो दुसऱ्या जातीच्या यंत्रावर सहज नेता येत नव्हता. बाहेरच्या लोकांच्या हाती तर फक्त यंत्राचे आकडे होते. ना टिपा, ना नावं.

२०१४ साली काही हौशी लोकांनी ते आकडे वाचायला घेतले. त्यांची पद्धत मला फार आवडली. सगळं पाडून नव्याने बांधायचं नाही. मूळ प्रोग्रॅम चालूच ठेवायचा आणि त्यातला एक-एक तुकडा काढून त्याच्या जागी सी भाषेत लिहिलेला, अगदी तसंच वागणारा तुकडा बसवायचा. ज्या तुकड्याचा अर्थ अजून लागला नाही त्याला त्याचा मूळ पत्ता हेच नाव द्यायचं. अर्थ लागला की खरं नाव. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीची सागवानी तुळई अशीच बदलली होती, एकावेळी एक, आणि पाचही वक्तांची जमात एकदाही चुकली नाही. काही वर्षांनी असेंब्लीचा शेवटचा तुकडाही निघाला. आता हा प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतो, फुकट मिळतो, आणि त्याचा मजकूर कुणालाही वाचता येतो. मात्र चित्रं, आवाज त्यांनी उचलले नाहीत. पहिल्यांदा सुरू करताना तो विचारतो, तुमच्याकडचा मूळ खेळ कुठे आहे ते दाखवा. ज्याचं त्याला राहू दिलंय. अमानतीचा हा हिशेब मला चोख वाटला.

(इथे मला आमच्या शाळेच्या कपाटातल्या उर्दूच्या जुन्या प्रश्नपत्रिका आठवल्या. इनपेजमध्ये टाइप केलेल्या. आणि मराठी विभागाच्या, श्रीलिपीतल्या. युनिकोडच्या आधीच्या. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण जोडाक्षरं आणि शोशे कुठे कसे तुटतील याचा नेम नसतो, शेवटी नजरेखालून सगळं घालावंच लागतं. एका खेळासाठी लोकांनी जी चिकाटी दाखवली ती आपण आपल्या दोन भाषांसाठी का दाखवत नाही, हे माझं दुखणं मी दुसऱ्या लेखासाठी ठेवते.)

फाईल उघडली. तारीख होती, साल ३१, जुलै महिना. पाऊस पडत होता.

पाहुणे जिथल्या तिथे उभे होते, कारण मुलाने आधीच विरामाचं बटण दाबलं होतं. मी आधी नुसतं पाहून घेतलं. रांगा सगळ्या सरळ, वळण कुठेही एकापेक्षा जास्त नाही. प्रत्येक पाळण्याच्या दाराशी बाक. हे डेपोचं डोकं. या खेळात पाहुण्याला आपण हवं ते नाव देऊ शकतो आणि ते फाईलमध्ये टिकतं. पाहुण्यांच्या यादीत एक नाव रोमन लिपीत होतं, बडी खाला. बडी खाला, म्हणजे अम्मीची थोरली बहीण, ज्या कधी पाळण्यात बसल्याचं मला आठवत नाही, त्या आकाशपाळण्याच्या रांगेत छत्री घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मनात काय चाललंय ते बघायची सोय आहे. त्यांना तहान लागली होती.

मग मी छत्रीच्या टपरीवर गेले. ही या खेळातली प्रसिद्ध गोम आहे. एरवी पाहुणा महाग वस्तू नाकारतो, पण पाऊस पडत असेल तर छत्रीची किंमत तो बघतच नाही. वीस पौंड ही दुकानातल्या वस्तूची कमाल किंमत, तेवढी लावली तरी घेतो. जाणते खेळाडू ढग आले की टपऱ्यांचे भाव चढवतात. ओपनआरसीटी२ लिहिणाऱ्यांनी हा नियमही जसाच्या तसा ठेवलाय. मजकुरात ती ओळ दिसते. पाऊस आहे आणि वस्तू छत्री आहे, तर किमतीची तपासणी सोडून पुढे जा. भाईजाननी ही युक्ती अब्बांना फोनवर सांगितली होती तेव्हा मी शेजारीच होते. अब्बा म्हणाले होते, "बारिश में टिकट का दाम बढ़ता क्या?" पण पुढे त्यांनी काय केलं ते मला ठाऊक नव्हतं. एकटा माणूस, रात्रीची वेळ, खोटे पैसे, खोटे गिऱ्हाईक. बघणारं कोण?

टपरीवर पाटी होती अडीच पौंड. दुसऱ्या टपरीवरही अडीच. पाऊस पडत होता.

मुलाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "पण अम्मी, दिवाळीला एसटी भाडं वाढवायचीच की." मी म्हणाले, तुझ्या नानांच्या पार्कात नोव्हेंबर येतच नाही. त्याने मान डोलावली, पटली म्हणून नाही, वाद वाढू नये म्हणून.

मूळ फाईल मी तीन ठिकाणी जपून ठेवली आहे, तिला हात लावायचा नाही. ओपनआरसीटी२ स्वतःच्या वेगळ्या प्रकारात साठवतो, त्यामुळे खेळायला निराळी प्रत झाली. ती भाईजानना पाठवली, प्रोग्रॅम कसा बसवायचा हे पण लिहून दिलं. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फजरच्या सुमाराला मेसेज आला की पूर्वेकडचा लाकडी कोस्टर सारखा बंद पडतोय, अब्बांनी तिकडे मेकॅनिक का ठेवला नव्हता, आणि मी एक ठेवला तर चालेल का.

मी लिहिलं, ठेवा.