टू-स्ट्रोकची बाजू मी का सोडली

जलाशयातल्या बोटीला मोटार घ्यायचीच तर टू-स्ट्रोक घ्या, असं मी आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या मच्छीमार संस्थांना वर्षानुवर्षं सांगत आलो. आज कोणी तोच प्रश्न विचारला तर मी फोर-स्ट्रोक सांगतो. कुठली जाहिरात वाचून हे मत बदललेलं नाही, की कोणाच्या भिडेनेही नाही. ज्या कारणासाठी मी टू-स्ट्रोकचा पक्ष धरला होता, त्याच कारणाने तो सोडायला लावला. माझ्या शब्दावर काही संस्थांनी पैसे घातले आहेत, म्हणून हे सविस्तर सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

समुद्र नसलेल्या जिल्ह्यात हा प्रश्न येतोच कुठून, असं किनाऱ्यावरच्या वाचकाला वाटेल. आमच्याकडे धाम, बोर, पोथरा, निम्न वर्धा असे जलाशय आहेत. भोई आणि ढिवर समाजाची माणसं तिथे रोहू, कटला, मृगळ धरतात. बहुतेक काम अजूनही डोंग्यावर आणि वल्ह्यावर चालतं. अरुंद डोंग्याला मोटार लावूही नये. ती टांगायला मागे भक्कम फळी लागते आणि वजन पेलायला रुंद बूड लागतं. मोटार हवी असते ती संस्थेच्या फायबरच्या बोटीला. दूरच्या जाळ्यांतला माल उन्हं चढायच्या आत काठावर आणायचा, पिंजऱ्यातल्या माशांना खाद्य पोचवायचं, वारा सुटला की अडकलेले डोंगे ओढून आणायचे, एवढंच तिचं काम.

मी आयटीआयमध्ये इंजिन शिकवण्यात नोकरी घालवली. यंत्राची माझी कसोटी मात्र आयटीआयत नाही, वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झाली. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार इथूनच चालवला. रॉकेलच्या कंदिलाऐवजी गावात निघणाऱ्या तेलावर जळणारा मगनदीप याच विचारातून आला. लहानपणापासून मगन संग्रहालय पाहत आलेल्या माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली: जे यंत्र गावात दुरुस्त होतं, तेच गावाचं.

या कसोटीला टू-स्ट्रोक पुरेपूर उतरत होती. तिला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तेलाची वेगळी टाकी नाही. वरखाली होणारा पिस्टनच सिलिंडरची भोकं उघडतो आणि झाकतो. राजदूत, लूना, चेतक उघडणारा मिस्त्री प्रत्येक बाजाराच्या गावात होता. त्याने बोटीची मोटारही धरणाच्या काठावर पोतं अंथरून उघडली असती. शिवाय ती हलकी. हा मुद्दा कागदावर लहान दिसतो, पण मे महिन्यात पाणी मागे सरकतं, काठापासून रस्त्यापर्यंत नुसता गाळ पसरतो आणि चोरीच्या भीतीने मोटार रोज संध्याकाळी खांद्यावरून न्यावी लागते. त्या वेळी दहा-पंधरा किलोंचा फरक काय असतो, ते खांदाच सांगतो. टू-स्ट्रोक ऑटोत कशीही आडवी टाका, चालते. फोर-स्ट्रोक चुकीच्या कुशीवर झोपवली तर आतलं तेल नको तिथे शिरतं. फोर-स्ट्रोकबद्दलची ही तक्रार मी आजही मागे घेत नाही.

मग फिरलं काय? मिस्त्री फिरला. 1985 साली आपल्या रस्त्यांवर शंभर सीसीच्या दोन गाड्या आल्या: यामाहाची आरएक्स 100 आणि हीरो होंडाची सीडी 100. पहिली टू-स्ट्रोक, दुसरी फोर-स्ट्रोक. आरएक्सच्या आवाजावर तरुण पोरं जीव टाकायची, पण 1996 मध्ये ती बंद झाली. दूधवाले, शिक्षक, शेतकरी सीडीच्या वाटेने गेले. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक दुचाकी बाजारातूनच उठली. जुने मिस्त्री थकले, त्यांच्या टपऱ्यांवर नवी मुलं बसली.

अशाच एका हुशार मुलाच्या हातून एका संस्थेची मोटार कायमची गेली. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या रिंगा बसवताना त्यांची तोंडं एका रेषेत येऊ न देता वेगवेगळ्या दिशांना फिरवतात. त्याने सवयीने तेच केलं. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर मात्र रिंगेच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगेचं तोंड त्या पिनेवरच यायला हवं, नाहीतर ते सिलिंडरच्या भोकात अडकतं. रिंग पिनेवर चढली, पिस्टन आत जाईना, म्हणून त्याने हातोडीच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकलं. रिंग तुटली आणि तिच्या तुकड्याने सिलिंडरवर वरपासून खालपर्यंत ओरखडा काढला. दोष मुलाचा नव्हता. ती पिन त्याला आयुष्यात कोणी दाखवलीच नव्हती. हाच मुलगा व्हॉल्व्हचं अंतर फीलर गेजशिवाय नुसत्या बोटाने ओळखतो. तेव्हा मला उमगलं की ‘गावात दुरुस्त होणारं यंत्र’ आता फोर-स्ट्रोक आहे. माझी कसोटी होती तिथेच राहिली, गाव पुढे गेलं.

दुसरं कारण पाण्याचं, आणि ते मला जास्त लागलं. साध्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना जळलेला धूर बाहेर जाण्याची वाटही उघडीच असते. इंधनाचा चौथा, कधी तिसरा हिस्सा न जळताच निसटतो. दुचाकीत तो हवेत जातो. बोटीच्या मोटारीचा धूर बहुधा पंख्याजवळून पाण्याखाली सोडलेला असतो, म्हणजे पेट्रोल आणि तेल सरळ पाण्यात. सकाळच्या स्थिर पाण्यावर बोटीमागे पसरलेला रंगीत तवंग मी पुष्कळदा पाहिला होता आणि दुर्लक्षिला होता. एकदा एका वयस्क भोई दादांनी वल्ह्याने तो तवंग बाजूला सारत मला विचारलं, “सर, हेच पानी आपल्या घरी प्याले येते ना जी?” वर्धा शहराला धामचं पाणी मिळतं, येळाकेळी आणि पवनारहून उचललेलं. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अमेरिकेत टाहो सरोवरावर अशा कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक मोटारींना 1999 पासून बंदी आहे. आपण मात्र पिण्याच्या पाण्यात तेल सोडून तेच पाणी गाळत बसतो.

बाकीची कारणं लहान, पण रोजची आहेत. जाळं सोडताना, खाद्य टाकताना बोट अगदी हळू चालवावी लागते. टू-स्ट्रोक अशा चालीत प्लग काळा करते. त्यात पेट्रोल पंपावरचं दुचाकीचं टू-टी तेल घातलं तर आणखी लवकर. पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीला टीसी-डब्ल्यू 3 जातीचं वेगळं तेल लागतं आणि ते आमच्या बाजारात सहज मिळत नाही. आवाजाचंही तेच. जलाशयात बुडालेल्या झाडांचे खुंट असतात. नाळेवरचा माणूस “थांब!” म्हणून ओरडतो आणि मागच्याला ऐकूच येत नाही. फोर-स्ट्रोकवर ऐकू येतं.

मालवण-देवबागला लाट फोडून बाहेर पडणाऱ्या आणि संध्याकाळी होडी वाळूवर ओढणाऱ्या माणसाने माझं ऐकून मोटार बदलू नये. त्याला झटकन उसळणारी, हलकी मोटार लागते आणि ती उघडणारे हात तिथे पिढीजात आहेत. माझं म्हणणं गोड्या, बंदिस्त, पिण्याच्या पाण्यापुरतं आहे.

संस्थांच्या अध्यक्ष-सचिवांना माझी विनंती आहे. नवी मोटार घेताना दहा अश्वशक्तीच्या आतली फोर-स्ट्रोक घ्या. आपल्या जलाशयांना त्याहून मोठी लागत नाही. पहिलं तेल साधारण वीस तासांनी आणि पुढे शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदला आणि त्याची नोंद वहीत ठेवा, कारण या मोटारी मरतात त्या तेल न बदलल्यामुळे. जुनी टू-स्ट्रोक चालू असेल तर लगेच भंगारात घालू नका. तिला योग्य तेल पुस्तिकेतल्या प्रमाणातच द्या, बहुतेक मोटारींना पन्नासाला एक, म्हणजे लिटरला 20 मिली. अंदाजाने ओतू नका. मोटार कुठलीही असो, ती बंद ठेवायची वेळ आली की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं.

ज्या संस्थांनी माझ्या सांगण्यावरून टू-स्ट्रोक घेतली, त्यांची मोटार मी फुकट तपासून देईन. फक्त ती माझ्याकडे आणू नका, मीच काठावर येतो.